दिव्याची तलवार

लिंबू काही केल्या बसेना.

हिंदुराव भाऊजी माझ्या खोलीत, माझ्या कॉटवर, माझीच तलवार मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या टोकावर लिंबू खुपसत होते. पुन्हा एकदा ते निसटलं, फरशीवर टप्पे खात कॉटखाली गेलं. डोक्यावरचा फेटा एका हातानं सांभाळत भाऊजी ओणवे झाले.

"वहिनी, हिला धार नाही का हो अजिबात?"

"नाही. शोभेची आहे."

"धार नसू दे, टोक तरी असावं की."

"दोडकासुद्धा कापणार नाही असं तुम्हीच म्हणाला होता. दिवाळीत, सगळ्यांसमोर."

भाऊजी लिंबू घेऊन कॉटखालून बाहेर आले.

त्यांच्या डोक्यावरचा फेटा मीच बांधलेला. त्या दिवशी वऱ्हाडातल्या समस्त पुरुषांचे फेटे मीच बांधले होते. तयार फेटे शिवणं, बांधणं, भाड्यानं देणं हा माझा धंदा. कुणी शिकवला नाही, बघून बघून शिकले. तर असं ते सगळं घराणं माझ्या हातचे तुरे डोक्यावर मिरवत लग्नाला निघालं होतं, आणि मला लग्नाला जायचं नव्हतं. म्हणजे मला जायचं होतं. मी जायचं नाही असं ठरलं होतं.

आधी तलवारीचं सांगते. आदल्या वर्षी माझा पुतण्या इंद्रजित पुण्याहून आला होता. तो तिथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या खेळांसाठी चित्रं काढतो. मोबाइलवर मला काहीबाही दाखवत बसला असताना मधेच ही तलवार दिसली. जपानी धाटणीची, जराशी बाकदार, पण शे-दोनशे वर्षांनी जन्माला येणाऱ्या कुणासाठी तरी केल्यासारखी. काळं म्यान, षटकोनी मूठ, आणि पातं लोखंडाचं नाहीच, काचेसारखं आरपार. आतून निळा उजेड. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते.

"मला ही पाहिजे," मी म्हटलं.

तो हसायला लागला. "मोठ्याई, तू काय करणार हिचं?"

"काही नाही."

आणि तेच तर होतं. शिलाई मशीन, कुकर, स्कूटी, औषधाची पेटी, आजवर जे जे घेतलं त्याला काही ना काही काम होतं, आणि ते काम शेवटी माझ्याच गळ्यात येत होतं. हिला काही काम नव्हतं. ती नुसती असणार होती. मला तिचा हेवा वाटला.

लांबलचक खोकं आलं तेव्हा गल्लीनं ठरवलं की पडद्याचा दांडा आला. आतून तलवार निघाल्यावर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ह्या वयात खेळणी!" भाऊजींनी दोडक्याचा विनोद केला. इंद्रजितनं मात्र मशीनच्या वर खिळे ठोकून ती टांगून दिली आणि बटण शिकवलं. एकदा दाबलं की रंग बदलतो, लागोपाठ दोनदा दाबलं की लढाईचा आवाज सुरू होतो, आणि बंद करायचं तर दाबून धरायचं. "सोडायचं नाही, मोठ्याई. घाई केलीस की ती आणखी चेकाळते." मला जमेपर्यंत त्यानं माझा अंगठा धरून ठेवला होता.

वर्षभर चेष्टा झाली. आणि आता इंद्रजितच्या लग्नाच्या सकाळी ती भाऊजींच्या मांडीवर होती.

कारण असं, की आमच्या घरात निघायच्या सकाळी हळद लागली की नवरदेवाच्या हातात हत्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ते हातातून सोडायचं नसतं. बाकीच्यांकडे कट्यार, सुरी, गेलाबाजार अडकित्ता चालतो. आमच्याकडे तलवार. पणज्याची, गंजकी, पण तलवार. ती कुठं होती? पोलीस ठाण्यात. निवडणूक लागली तशी गावातल्या बंदूकवाल्या बड्या लोकांनी आपापल्या बंदुका नियमाप्रमाणे जमा केल्या. ते बघून भाऊजींना राहवेना. पंच्यात गुंडाळून ही तलवार घेऊन गेले आणि त्या रांगेत उभे राहिले. तिथला हवालदार म्हणाला म्हणे, "काका, ही कशाला आणलीत?" तर भाऊजी म्हणाले, "कायदा तो कायदा." जमा करून, बड्या लोकांबरोबर चहा पिऊन, छाती काढून घरी आले. निकाल लागून सगळं मिटेपर्यंत जमा केलेलं हत्यार परत मिळत नाही, आणि लग्न त्याच्या आधी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं हळदीच्या आदल्या दिवशी.

"अडकित्ता घ्या की," मी म्हटलं. "आत्तींच्या पानाच्या चंचीत आहे. लिंबूही बसेल."

"वहिनी, बार्शीच्या मुलीकडच्या लोकांना आपण बैठकीत काय सांगितलंय? आमचा नवरदेव तलवारीशिवाय उंबरा ओलांडत नाही. आता अडकित्ता घेऊन जायचं?" लिंबू पुसत भाऊजी म्हणाले. "आणि हिला कायद्याचीही भीती नाही. खेळण्यातली."

शेवटी त्यांनी सेलोटेप मागितला. मी बोटानं कपाट दाखवलं, उठले नाही. सेलोटेपनं चिकटवलेली परंपरा कशी दिसते ते मी कॉटवर बसून बघत होते.

मी का जायचं नव्हतं, ते आता सांगायला हवं.

माझे यजमान संपतराव घरातले थोरले. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ते कामासाठी साताऱ्याला गेले, तिथं त्यांनी दुसरं घर मांडलं, बिऱ्हाड वाढवलं, मोठे कंत्राटदार झाले. सोडचिठ्ठी नाही, भांडण नाही. न्यायला येतो म्हणाले होते, ते राहून गेलं. त्याच सुमाराला माझी धाकटी जाऊ, भाऊजींची बायको लता, बाळंतपणातून उठलीच नाही. तिचं पोर माझ्या हातात आलं. तोच हा इंद्रजित. मला आई म्हणायला त्याला कुणी शिकवलं नाही आणि काकी म्हणायला त्याची जीभ वळली नाही, म्हणून मोठ्याई.

लग्नाला चार दिवस असताना साताऱ्याहून निरोप आला. संपतराव येणार होते, गाडी घेऊन, 'तिला' घेऊन. पण मी मांडवात असेन तर येणार नव्हते. त्यांना अवघडल्यासारखं होतं.

अक्षतांचे तांदूळ हळदीत घोळत होते, तेव्हा आत्ती समोर येऊन बसल्या.

"रत्ना, देवक बसलं की अखंड दिवा असतो. घर रिकामं ठेवता येत नाही."

"बरं."

"परक्या माणसाला कसं बसवायचं? घरचंच कुणीतरी पाहिजे."

"बरं."

"थोरला चुलता मांडवात नसला तर लोक काय म्हणतील, तूच सांग."

मी तांदूळ घोळत राहिले. माझं डोकं त्या वेळी आत्तींकडे नव्हतंच. दारात इंद्रजित उभा होता. त्यानं सगळं ऐकलं, खाली मोबाइलमध्ये बघितलं, आणि गेला. मला त्याचा जो राग आला, तो संपतरावांचाही कधी आला नव्हता. नवऱ्याला मी वाढवलं नव्हतं.

देवक बसवायच्या दिवशी आणखी एक झालं. पूजेला जोडी लागते. भाऊजी विधुर. भटजी म्हणाले, अडचण नाही, पत्नीच्या जागी कमरेला सुपारी खोवा. मग लताच्या नावानं सुपारी आली. तिला हळदीकुंकू लावलं, भाऊजींनी ती कमरेला खोवली, पूजा झाल्यावर तिला पाटावर जागा मिळाली, पाया पडायला बायका आल्या. मी मागं उभं राहून निरांजनात तूप घालत होते. लताबद्दल माझ्या मनात काही नाही, गुणाची होती बिचारी. पण मला वाटलं, ह्या घरात सुपारीला बायकोचा मान मिळतो, आणि बायकोला सुपारीचाही मिळत नाही.

तर लिंबू एकदाचं चिकटलं. तेवढ्यात आत्ती आत आल्या, इरकल नेसून, कमरेला चंची लावून.

"झालं का रे? भटजी घाई करतायत."

"झालं." भाऊजी उठले.

"थांबा," मी म्हटलं. "आत्ती, तुम्ही बैठकीत ती गोष्ट सांगितली ना, तुमच्या आजेसासूबाईंची?"

आत्तींचा चेहरा उजळला. ती गोष्ट सांगायला त्यांना कधीही चालायची. "सांगितली तर! गावात प्लेग आलेला, नवरदेव पलीकडच्या गावात अडकले. मुहूर्त तर टळू द्यायचा नाही. मग त्यांनी तलवार पाठवली आणि तलवारीला माळ घालून लग्न लागलं. खांडा आला म्हणजे खांड्याचा धनी आला. तो काळच..."

"खांडा आला म्हणजे धनी आला?"

"तर काय!"

"मग ही तलवार कुणाची, आत्ती?"

भाऊजींनी तलवार जराशी पाठीमागं घेतली, एखादं मूल पुरणपोळी लपवतं तशी.

"ही तिथं गेली म्हणजे कोण आलं? मी आले ना? मग एवढं सगळं माझ्या नावानं तिथं येणार असेल, तर मीच का नको?"

"वहिनी, ही वेळ आहे का?"

"तुम्ही माझ्याकडे आलाय, भाऊजी. मी तुमच्या खोलीत नाही आले."

"एक खेळणं मागितलं तर..."

"खेळणं असेल तर ठेवा खाली. खेळण्यानं कुणाचं लग्न लावता?"

आवाज चढला तसं अंगणातलं सनईवाल्यांचं वाजणं जरा मंदावलं. मग दारात इंद्रजित आला. हळदीनं पिवळा, मुंडावळ्या कानामागे सारलेल्या. कोण काय म्हणतंय हे विचारायची त्याला गरज नव्हती. खोल्या पातळ भिंतींच्या आहेत.

"मोठ्याई," तो म्हणाला, "देतेस ना?"

बस. एवढंच. बाकी काही नाही. मी भाऊजींच्या हातातून तलवार घेतली आणि त्याच्या हातात दिली. त्याच्याकडे न बघता दिली.

"चार्ज आहे ना?" त्यानं विचारलं.

त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं वाढवलं तिला घरात कोंडून निघालेला हा मुलगा, आणि ह्याला चार्जिंगची काळजी!

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे. जा."

गाड्या निघून गेल्या. अंगण शांत झालं. राग आला की मी भांडी घासते, ही माझी जुनी खोड. त्या दिवशी अंगणभर चहाचे कप पडले होते, मी एकाला हात लावला नाही. देवाच्या खोलीत दिव्यापाशी जाऊन बसले. दिव्यात तेल घातलं. लताची सुपारी पाटावर होती. तिच्याकडे बघत मी मोठ्यानं सगळ्यांना शिव्या दिल्या. सासूला, दिराला, नवऱ्याला, त्या बाईला, आणि मग बराच वेळ फक्त इंद्रजितला. लहानपणी गोवर आला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसले होते, तेही काढलं. फेट्याचं सुरतेहून येणारं कापड महागलं, त्याबद्दलही कुणाला तरी बोलले. एकदा सुरू झालं की काही राहत नाही.

फोन वाजला. भाऊजी.

"वहिनी! वहिनी, ही बंद कशी करायची?"

मागं असा काही आवाज येत होता की मी फोन कानापासून लांब धरला. सूंऽऽ, खण्ण, धडाम, आणि मधूनमधून कुणीतरी परक्या भाषेत खेकसल्यासारखं.

"काय बंद करायची?"

"तलवार, वहिनी, तलवार! अंतरपाट धरायच्या वेळी सुरू झाली. बटण दाबलं की आणखी ओरडते!"

"मग बाजूला ठेवा."

"कशी ठेवणार? लिंबू लागलंय, हळद लागलीय, नवरदेवाच्या हातातून सोडता येत नाही! फोटोवाल्यानं बघितलं, मांडववाल्यानं बघितलं, दादा स्वतः उठून बघून गेले." दादा म्हणजे आमचे संपतराव.

"मग काय म्हणाले दादा?"

"ते... वहिनी, चेष्टा करू नका. इंद्रजित, घे, तूच बोल."

"मोठ्याई," इंद्रजितचा आवाज. "बंद होत नाहीये."

"दाबून धर."

"धरलं. होतच नाही. तू ये."

"मी फोनवर सांगते, तसं..."

"फोनवर नाही जमणार. तू ये."

मग आत्तींनी फोन घेतला. त्यांना वाटतं लांबच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि त्या दिवशी खरंच लागत होतं. "अगं रत्ना, भटजी कानात बोटं घालून बसलेत! मुहूर्त टळायला आला. ये गं बाई!"

"दिव्यापाशी कोण बसणार, आत्ती?"

तिकडून नुसती सूं सूं आली.

"घर रिकामं ठेवता येत नाही ना?"

"तूच बघ बाई काहीतरी."

"मीच बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी घाई केली नाही. अगदी खरं सांगते, तिकडे ती बोंबलतेय ह्या विचारानं मला गार वाटत होतं. लग्नासाठी घेतलेली, घडी न मोडलेली जांभळी पैठणी काढली. नीट निऱ्या घातल्या. कुंकू लावलं, नथ घातली, नथीचा फासा बसेना तर आरशासमोर थांबून बसवला. मग लग्नाच्या सामानातून एक सुपारी घेतली, चांगली गोल बघून. तिला हळदीकुंकू लावलं आणि दिव्यापाशी, लताच्या शेजारी, तांदळावर बसवली.

"बसा, रत्नप्रभाबाई," मी म्हटलं. "घर राखा. मी येतेच जाऊन."

दिव्यात काठोकाठ तेल घातलं, कुलूप लावलं आणि स्कूटी काढली.

गावाबाहेरच्या मंगल कार्यालयाच्या फाटकापासून ऐकू येत होती. आत गेले तर सगळं वऱ्हाड उभं, पोरं कानावर हात ठेवून खिदळतायत, भटजी घामाघूम. पहिल्या रांगेत सोफ्यावर संपतराव, शेजारी ती. जाड झाले होते. डोक्यावर मीच शिवलेला फेटा, आत्तींनी राखून ठेवलेला असणार. मी समोरून गेले तसे ते कुणाला तरी म्हणाले, "हिला कुणी बोलावलं?"

"तलवारीनं," मी म्हटलं आणि पायऱ्या चढले.

इंद्रजित पाटावर उभा होता. हातात माझी तलवार, निळी, भणभणत, टोकाला सेलोटेपमधलं लिंबू लटपटतंय. मी मुठीवर हात ठेवला. अंगठा बटणावर टेकवला. दाबून धरलं.

बंद झाली.

तत्काळ. काही खोट नव्हती, काही अडकलं नव्हतं. ज्या बोटांनी मला ते बटण शिकवलं ती बोटं माझ्या बोटांखाली होती. मी वर बघितलं. मुंडावळ्यांच्या आडून तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

मांडव एकदम एवढा शांत झाला होता की मला कुजबुजावं लागलं.

"बटण चालत होतं."

"हो."

"तू मुद्दाम..."

"मला दुसरं काही सुचलं नाही, मोठ्याई."

लोकांना वाटेल, मी तिथं त्याला पोटाशी धरलं असेल. मला त्याच्या कानाखाली काढावीशी वाटत होती. ज्या मुलाला मी बोलायला शिकवलं, त्यानं माझ्यासाठी तोंड उघडलं नाही, बॅटरीला बोलायला लावलं. आजीला नाही, बापाला नाही, चुलत्याला नाही, एका माणसाला 'मोठ्याई नसेल तर मी उभा राहणार नाही' एवढं वाक्य नाही. तलवारीला धार नव्हती ते ठीक होतं. ती शोभेची होती.

"तोंड होतं की तुला," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली.

"झालं ना बंद?" भाऊजी पुढं आले. "चला, चला. वहिनी, तुम्ही आता... मागं तिकडे खुर्च्या आहेत."

"इंद्रजित, सोड ती," मी म्हटलं.

"अहो, सोडता येत नाही!" भटजी ओरडले.

"मग त्याच्या हातात दुसरं काही द्या. तलवार माझी आहे. ती जिथं आहे तिथं मी आहे, आणि मी खुर्च्यांत बसणार नाही."

सोफ्यावरून संपतराव काहीतरी मोठ्यानं बोलायला लागले. तेवढ्यात माझ्या कोपराला कुणीतरी ढोसलं. आत्ती. त्यांनी कमरेची चंची सोडली होती. त्यातून त्यांनी अडकित्ता काढला, पितळी, दांड्यांवर मोर असलेला, पानाच्या रंगानं काळपट झालेला.

"आधी हे धर," त्या नातवाला म्हणाल्या. "मग ते सोड. हात रिकामा ठेवू नको."

"आई!" भाऊजी म्हणाले. "बार्शीचे लोक बघतायत!"

"बघू देत. तू तर तलवार पोलिसाला देऊन बसलास." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धनी आलाय, तर खांडा धन्याकडेच पाहिजे."

वर्षानुवर्षं त्या मला जे काही बोलल्या आणि जे बोलल्या नाहीत, त्याचा हिशेब त्यांनी त्यात मिटवला असं त्यांना वाटलं असेल. माझा मिटला नाही. पण मी तलवार घेतली.

सेलोटेप सोलून लिंबू काढलं आणि अडकित्त्याच्या टोकावर दाबलं. पहिल्याच झटक्यात बसलं. रस उडून इंद्रजितच्या डोळ्यात गेला, तेव्हा त्याचं रडणं लोकांना खपून गेलं.

अंतरपाट धरला. मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. अंतरपाटाच्या पलीकडून नवरी वाकून बघत हळूच म्हणाली, "जांभळी पण होते ना ती?" तिला तलवारीचं ठाऊक होतं म्हणजे तो तिच्याशी माझ्याबद्दल बोलला होता, फक्त घरात बोलला नव्हता. मी बटण एकदा दाबलं. पैठणीला जुळेल असा जांभळा उजेड झाला, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मी तो तसाच उभा धरला. हात भरून आला, पण खाली घेतला नाही. संपतराव जेवायला थांबले नाहीत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्ती गेल्या. इंद्रजित हल्ली बोलतो. उशिरा शिकला, पण शिकला. तलवार मशीनच्या वर आहे, तिला अजून काही काम नाही.

त्या दिवशी वरातीच्या आधी मी एकटीच पुढं आले आणि कुलूप काढलं. अंगणात कप तसेच होते. देवाच्या खोलीत दिवा शांत तेवत होता. सुपारी बसवली तिथंच बसून होती. एवढ्या वेळात तिला कुणी पाण्याचंसुद्धा विचारलं नव्हतं.